एइदुर गुडजॉन्सन

एइदुर स्मारी गुडजॉन्सन (जन्म: १५ सप्टेंबर १९७८, रेक्याविक, आइसलँड) हे आइसलँडचे माजी फुटबॉलपटू व प्रशिक्षक आहेत. आघाडीचे खेळाडू म्हणून त्यांची व्यावसायिक कारकीर्द दोन दशकांहून अधिक काळ चालली. या काळात ते इंग्लंडमधील बोल्टन वाँडरर्स व चेल्सी आणि स्पेनमधील बार्सिलोना या क्लबांकडून खेळले. चेल्सीबरोबर त्यांनी दोनदा इंग्लिश प्रीमियर लीग जिंकली. २००९ साली चॅम्पियन्स लीग जिंकणाऱ्या बार्सिलोना संघात ते होते. ही स्पर्धा जिंकणारे ते पहिले आइसलँडिक खेळाडू ठरले. आइसलँडच्या राष्ट्रीय संघाकडून त्यांनी ८८ सामन्यांत २६ गोल केले. हा देशाचा विक्रम अनेक वर्षे त्यांच्या नावावर होता.

निवृत्तीनंतर त्यांनी आइसलँडच्या २१ वर्षांखालील संघाचे व वरिष्ठ संघाचे सहप्रशिक्षक आणि एफएच या क्लबाचे प्रशिक्षक म्हणून काम केले. त्यांचे वडील आर्नोर गुडजॉन्सन व मुलगे स्वेइन आरोन आणि आंद्री लुकास हेही आइसलँडकडून खेळलेले आहेत. १९९६ साली एका आंतरराष्ट्रीय सामन्यात वडिलांच्या जागी मुलगा मैदानात उतरला, ती घटना फुटबॉलच्या इतिहासात प्रसिद्ध आहे.

नाव आणि उच्चार

या नावाचा आइसलँडिक उच्चार साधारणपणे ‘एय्दुर स्माउरी गुद्योन्सेन’ असा होतो. इंग्रजी समालोचनामुळे मात्र जगभर ‘गुडजॉन्सन’ हे रूप रूढ झाले आहे.

आइसलँडमध्ये बहुतेक लोकांना आडनाव नसते. वडिलांच्या (क्वचित आईच्या) नावाला मुलासाठी ‘सन’ आणि मुलीसाठी ‘दोत्तिर’ हा प्रत्यय लावून दुसरे नाव तयार होते व ते प्रत्येक पिढीत बदलते. या रीतीने एइदुर यांचे नाव ‘एइदुर स्मारी आर्नोरसन’ असे झाले असते. परंतु गुडजॉन्सन हे त्या देशातील मोजक्या कौटुंबिक आडनावांपैकी एक असल्याने ते पिढ्यान्‌पिढ्या तसेच चालत आले आहे. १९२५ च्या कायद्याने नवीन आडनावे घेण्यास तेथे बंदी घालण्यात आली. तेथे माणसाचा उल्लेख पहिल्या नावाने करण्याची पद्धत आहे. त्यामुळे आइसलँडिक वर्तमानपत्रांत ते ‘एइदुर स्मारी’ म्हणूनच ओळखले जातात.

कौटुंबिक पार्श्वभूमी

एइदुर यांचा जन्म झाला तेव्हा त्यांचे वडील आर्नोर अवघे सतरा वर्षांचे होते. त्याच वर्षी, म्हणजे १९७८ मध्ये, आर्नोर बेल्जियममधील लोकेरेन या क्लबात दाखल झाले. १९८३ मध्ये ते ब्रुसेल्सच्या अँडरलेख्ट क्लबात गेले आणि १९९० पर्यंत तेथे खेळले. १९८६-८७ च्या हंगामात बेल्जियन लीगमध्ये सर्वाधिक गोल त्यांनीच केले होते.

१९८४ च्या यूएफा चषकाच्या अंतिम फेरीत अँडरलेख्टची गाठ लंडनच्या टॉटनहॅम हॉटस्परशी पडली. दोन्ही सामने १-१ असे बरोबरीत सुटल्याने निकाल पेनल्टींवर गेला. अँडरलेख्टची शेवटची पेनल्टी आर्नोर यांनी मारली. टॉटनहॅमचा गोलरक्षक टोनी पार्क्स याने ती अडवली आणि चषक टॉटनहॅमकडे गेला. पुढे पंचवीस वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर त्याच टॉटनहॅमकडून खेळण्याचा योग एइदुर यांच्या वाट्याला आला.

वडिलांच्या व्यवसायामुळे एइदुर यांचे बालपण बेल्जियम व आइसलँड या दोन देशांत गेले. आइसलँडमधील लीग उन्हाळ्याच्या काही महिन्यांतच खेळली जाते आणि तेथील क्लब पूर्णपणे व्यावसायिक नाहीत. त्यामुळे गुणवान मुले लहान वयातच परदेशी जातात. एइदुर यांची वाटचालही याच मार्गाने झाली.

प्रारंभीची कारकीर्द

१९९४ मध्ये, वयाची सोळा वर्षे पूर्ण होण्यापूर्वीच, एइदुर रेक्याविकमधील वालुर क्लबाच्या मुख्य संघात खेळू लागले. तेथील कामगिरी पाहून नेदरलँड्समधील पीएसव्ही आइंडहोवन या क्लबाने त्यांना आपल्याकडे घेतले. ब्राझीलचा रोनाल्डो त्याच सुमारास या क्लबात आला होता. दोघेही किशोरवयीन आघाडीपटू होते आणि दोघांकडूनही क्लबाला मोठ्या अपेक्षा होत्या. एइदुर यांनी पीएसव्हीकडून १३ लीग सामन्यांत ३ गोल केले.

तालिनचा सामना

२४ एप्रिल १९९६ रोजी एस्टोनियाची राजधानी तालिन येथे आइसलँड व एस्टोनिया यांच्यात मैत्रीपूर्ण सामना झाला. संघात पिता व पुत्र दोघांचीही निवड झाली होती. चौतीस वर्षांचे आर्नोर सुरुवातीपासून खेळले. उत्तरार्धात प्रशिक्षक लोगी ओलाफसन यांनी त्यांना बाहेर बोलावून सतरा वर्षांच्या एइदुर यांना त्यांच्या जागी पाठवले. आइसलँडने हा सामना ३-० असा जिंकला.

आंतरराष्ट्रीय सामन्यात मुलाने वडिलांची जागा घेण्याचा हा प्रसंग अपूर्व होता. तरीही दोघे एकाच वेळी मैदानावर नव्हते, कारण एक आत येताना दुसरा बाहेर जात होता. दोघांना एकत्र खेळवायचे, तर ते मायदेशातील प्रेक्षकांसमोर व्हावे अशी आइसलँडच्या फुटबॉल संघटनेची इच्छा होती, असे सांगितले जाते. त्यासाठी पुढील जूनमध्ये रेक्याविकला होणारा मॅसिडोनियाविरुद्धचा सामना डोळ्यांसमोर होता.

ती संधी आली नाही. त्या सामन्यापूर्वीच आयर्लंडविरुद्धच्या युवा संघाच्या सामन्यात एइदुर यांचा घोटा मोडला. हाड जुळल्यानंतरही स्नायुबंधाचा दाह बरा होईना. जवळजवळ दोन वर्षे ते स्पर्धात्मक फुटबॉलपासून दूर राहिले. दरम्यान आर्नोर यांची आंतरराष्ट्रीय कारकीर्द संपली. पिता-पुत्र राष्ट्रीय संघाकडून एकत्र कधीच खेळू शकले नाहीत.

पीएसव्हीशी असलेला संबंध संपल्यावर एइदुर १९९८ मध्ये मायदेशी परतले व केआर रेक्याविक या क्लबाकडून सहा लीग सामने खेळले. त्यांत त्यांना एकही गोल करता आला नाही. एकोणिसाव्या वर्षी त्यांची कारकीर्द पुन्हा आरंभबिंदूवर आली होती.

बोल्टन वाँडरर्स (१९९८-२०००)

१९९८ च्या उन्हाळ्यात इंग्लंडच्या दुसऱ्या श्रेणीत खेळणाऱ्या बोल्टन वाँडरर्सने त्यांना करारबद्ध केले. क्लबाचे व्यवस्थापक तेव्हा कॉलिन टॉड होते. पुढे सॅम अॅलरडाइस यांनी सूत्रे घेतली. दुखापतीतून उठलेल्या खेळाडूला पुन्हा सामन्यांसाठी सज्ज होण्यास पहिल्या हंगामाचा बराच काळ लागला. मे १९९९ मध्ये प्रीमियर लीगमधील बढतीसाठी वेम्ब्लीवर झालेल्या अंतिम सामन्यात बोल्टन वॉटफर्डकडून ०-२ असे हरले.

१९९९-२००० च्या हंगामात त्यांचा खेळ बहरला. बोल्टनने एफए चषक व लीग चषक या दोन्ही स्पर्धांच्या उपांत्य फेरीपर्यंत मजल मारली आणि बढतीच्या लढतींमध्येही स्थान मिळवले. तिन्ही ठिकाणी यशाने हुलकावणी दिली, परंतु एइदुर यांच्याकडे मोठ्या क्लबांचे लक्ष वेधले गेले.

चेल्सी (२०००-२००६)

जून २००० मध्ये चेल्सीने सुमारे ४० लाख पौंड मोजून त्यांना घेतले. जिआनलुका व्हिआली तेव्हा व्यवस्थापक होते. त्याच वर्षी सप्टेंबरात त्यांच्या जागी क्लाउडिओ रानिएरी आले. त्याच उन्हाळ्यात आलेले डच आघाडीपटू जिमी फ्लॉइड हॅसलबेंक आणि एइदुर यांची जोडी लवकरच जमली. हॅसलबेंक यांची ताकद त्यांच्या जोरदार फटक्यांत होती. एइदुर थोडे मागे सरकून चेंडू घेत आणि जोडीदारासाठी जागा तयार करत. २००१-०२ च्या हंगामात या दोघांनी मिळून सर्व स्पर्धांत ५२ गोल केले. त्यांपैकी २३ एइदुर यांचे होते. त्या वर्षी चेल्सीने एफए चषकाची अंतिम फेरी गाठली, पण आर्सेनलकडून संघ ०-२ असा पराभूत झाला.

जानेवारी २००३ मध्ये लीड्स युनायटेडविरुद्ध त्यांनी हवेत उलटे होऊन डोक्यावरून मारलेला फटका त्यांच्या सर्वांत स्मरणीय गोलांपैकी एक मानला जातो.

२००३ मध्ये रशियन उद्योगपती रोमान अब्रामोविच यांनी चेल्सी विकत घेतल्यावर क्लबाचे अर्थकारण पालटले. हर्नान क्रेस्पो, एड्रियान मुटू, पुढच्या वर्षी दिदिए द्रोग्बा व मातेया केझमन असे एकामागून एक आघाडीपटू दाखल झाले. दरवर्षी नवा प्रतिस्पर्धी येत असतानाही एइदुर यांनी संघातील आपले स्थान टिकवून ठेवले. आघाडीच्या मागे किंवा मधल्या फळीतही खेळण्याची त्यांची तयारी याला कारणीभूत होती.

२००४ मध्ये जोसे मोरिन्हो व्यवस्थापक झाले. २००४-०५ च्या हंगामात एइदुर यांनी प्रीमियर लीगमध्ये १२ गोल केले. ब्लॅकबर्नविरुद्ध त्यांनी हॅटट्रिक साधली. मार्च २००५ मध्ये चॅम्पियन्स लीगमध्ये बार्सिलोनाविरुद्ध चेल्सीने ४-२ असा विजय मिळवला, त्यातील पहिला गोल त्यांचा होता. ३० एप्रिल २००५ रोजी चेल्सीने बोल्टनला २-० असे हरवून लीगचे विजेतेपद निश्चित केले. १९५५ नंतर, म्हणजे पन्नास वर्षांनी, चेल्सीला हे यश मिळाले होते. एइदुर यांच्या दृष्टीने त्याला आणखी एक पैलू होता: ज्या मैदानावर त्यांची कारकीर्द पुन्हा उभी राहिली, त्याच बोल्टनच्या मैदानावर ते इंग्लंडचे विजेते ठरले.

२००५-०६ मध्ये चेल्सीने पुन्हा लीग जिंकली. त्या हंगामात एइदुर यांना मुख्यतः मधल्या फळीत खेळावे लागले व त्यांच्या गोलांची संख्या घटली. चेल्सीसाठी त्यांनी सर्व स्पर्धांत एकूण २६३ सामन्यांत ७८ गोल केले.

बार्सिलोना (२००६-२००९)

जून २००६ मध्ये बार्सिलोनाने त्यांना घेतले. स्वीडनचे हेन्रिक लार्सन क्लब सोडून गेल्याने रिक्त झालेली जागा त्यांनी भरावी अशी अपेक्षा होती. रोनाल्डिन्हो, सॅम्युएल एटो व लिओनेल मेस्सी हे खेळाडू संघात असल्याने नियमित स्थान मिळणे अवघड होते. पहिल्या वर्षी एटो जखमी असताना त्यांना बरेच सामने मिळाले. डिसेंबर २००६ मध्ये वेर्डर ब्रेमेनविरुद्धच्या महत्त्वाच्या चॅम्पियन्स लीग सामन्यात त्यांनी गोलही केला. तिएरी ऑन्री आल्यानंतर त्यांची भूमिका मुख्यतः बदली खेळाडूची किंवा मधल्या फळीतील साहाय्यकाची राहिली.

२००८-०९ मध्ये पेप ग्वार्दिओला यांच्या मार्गदर्शनाखाली बार्सिलोनाने स्पॅनिश लीग, कोपा देल रे व चॅम्पियन्स लीग ही तिन्ही विजेतेपदे एकाच हंगामात मिळवली. २७ मे २००९ रोजी रोममध्ये मँचेस्टर युनायटेडविरुद्धच्या अंतिम सामन्यात एइदुर राखीव खेळाडूंत होते. प्रत्यक्ष मैदानात उतरण्याची वेळ त्यांच्यावर आली नाही. तीन वर्षांत लीगमधील ७२ सामन्यांत त्यांनी १० गोल केले.

कारकिर्दीचा उत्तरार्ध (२००९-२०१७)

२००९ मध्ये ते फ्रान्समधील मोनॅको क्लबात गेले, पण तेथे लीगमध्ये त्यांना एकही गोल करता आला नाही. जानेवारी २०१० मध्ये ते उसनवारीच्या करारावर टॉटनहॅमकडे आले. त्यानंतर स्टोक सिटी, फुलहॅम व ग्रीसमधील एईके अथेन्स असे क्लब त्यांनी बदलले. ऑक्टोबर २०११ मध्ये ऑलिंपियाकोसविरुद्धच्या सामन्यात त्यांचा पाय मोडला आणि त्या हंगामाचा मोठा भाग वाया गेला.

२०१२ मध्ये ते बेल्जियममधील सर्कल ब्रुगेकडे व २०१३ च्या आरंभी त्याच शहरातील क्लब ब्रुगेकडे गेले. ज्या देशात त्यांचे वडील नावारूपाला आले, तेथे त्यांना पुन्हा सूर गवसला. डिसेंबर २०१४ मध्ये ते चौदा वर्षांनंतर बोल्टनला परतले. फेब्रुवारी २०१५ मध्ये, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, त्यांनी एफए चषकात लिव्हरपूलविरुद्ध पेनल्टीवर गोल केला. त्यानंतर चीनमधील शिजियाझुआंग एव्हर ब्राइट व नॉर्वेमधील मोल्डे या क्लबांकडून ते खेळले. मोल्डेचे प्रशिक्षक तेव्हा ओले गुन्नार सोल्शेअर होते.

एफसी पुणे सिटी

ऑगस्ट २०१६ मध्ये इंडियन सुपर लीगमधील एफसी पुणे सिटी या क्लबाने एइदुर यांच्याशी करार केला. या लीगच्या प्रारंभीच्या वर्षांत प्रत्येक संघात एक ‘मार्की’ खेळाडू असे. मार्की म्हणजे आंतरराष्ट्रीय कीर्तीचा असा खेळाडू, की ज्याच्या नावामुळे प्रेक्षक मैदानाकडे वळतील. पुण्याच्या संघात २०१४ मध्ये फ्रान्सचे डेव्हिड ट्रेझेगे व २०१५ मध्ये रुमानियाचे एड्रियान मुटू हे या नात्याने खेळले होते. मुटू हे चेल्सीमध्ये एइदुर यांचे सहकारी होते.

बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडासंकुलातील प्रेक्षकांना मात्र एइदुर यांचा खेळ पाहता आला नाही. हंगाम सुरू होण्यापूर्वीच दुखापतीमुळे त्यांना माघार घ्यावी लागली. त्यांच्या जागी मालीचे मोहम्मद सिसोको यांना घेण्यात आले. पुण्याशी झालेला हा करार एइदुर यांच्या कारकिर्दीतील अखेरचा ठरला. सप्टेंबर २०१७ मध्ये त्यांनी निवृत्ती जाहीर केली. पुणे सिटी हा क्लबही २०१९ मध्ये बंद पडला.

आंतरराष्ट्रीय कारकीर्द

एइदुर यांचा पहिला आंतरराष्ट्रीय सामना १९९६ मधील आणि शेवटचा २०१६ मधील होता. यांपैकी बराच काळ ते संघाचे कर्णधार होते. १३ ऑक्टोबर २००७ रोजी लाटव्हियाविरुद्ध दोन गोल करून त्यांनी रिकहार्दुर योन्सन यांचा १७ गोलांचा विक्रम मोडला. १९६० च्या दशकापासून तो विक्रम अबाधित होता. विक्रमाचा हा सामना आइसलँडने घरच्या मैदानावर २-४ असा गमावला. एइदुर यांच्या उमेदीच्या वर्षांतील राष्ट्रीय संघाची अवस्था यावरून ध्यानात येते. युरोपातील अग्रगण्य क्लबांमध्ये खेळणारा एक खेळाडू संघात असला, तरी विश्वचषक किंवा युरो स्पर्धेची पात्रता आइसलँडच्या आवाक्यात येत नव्हती.

ही स्थिती बदलण्यामागे दोन कारणे सांगितली जातात. आइसलँडमध्ये वर्षातील बराच काळ थंडी, वारा व अंधार असल्याने उघड्या मैदानावर सराव करता येत नाही. २००० साली केप्लाविक येथे पूर्ण आकाराचे पहिले आच्छादित मैदान उभे राहिले आणि नंतर देशात अन्यत्रही अशी मैदाने झाली. त्याचबरोबर प्रशिक्षकांच्या शिक्षणावर भर देण्यात आला. त्यामुळे गावोगावच्या लहान मुलांनाही प्रशिक्षित मार्गदर्शक मिळू लागले. या व्यवस्थेत वाढलेल्या गिल्फी सिगुर्दसन, आरोन गुन्नार्सन, कोल्बेइन सिग्थोरसन आदी खेळाडूंची पिढी २०१० नंतर पुढे आली. तेव्हा एइदुर तिशी ओलांडून गेले होते.

२०१४ च्या विश्वचषकासाठी आइसलँड पात्रता फेरीच्या अखेरच्या टप्प्यापर्यंत पोहोचला. १९ नोव्हेंबर २०१३ रोजी झाग्रेब येथे क्रोएशियाने त्यांना २-० असे हरवले. सामन्यानंतर दूरचित्रवाणीवर बोलताना, हा आपला देशासाठीचा बहुधा शेवटचा सामना होता, असे पस्तीस वर्षांच्या एइदुर यांनी सांगितले आणि त्यांना अश्रू आवरता आले नाहीत.

तो शेवट ठरला नाही. मार्च २०१५ मध्ये कझाकस्तानविरुद्ध त्यांना पुन्हा संघात घेण्यात आले व त्या सामन्यात त्यांनी गोल केला. आइसलँडने तो सामना ३-० असा जिंकला आणि पुढे २०१६ च्या युरो स्पर्धेत प्रथमच प्रवेश मिळवला. सुमारे ३ लाख ३० हजार लोकसंख्येच्या या देशाने त्या स्पर्धेत इंग्लंडला २-१ असे हरवून उपांत्यपूर्व फेरी गाठली. लार्स लागरबेक व हेइमिर हालग्रिम्सन हे संघाचे प्रशिक्षक होते. सदतीस वर्षांचे एइदुर साखळीतील हंगेरीविरुद्धच्या सामन्यात व ३ जुलै २०१६ रोजी फ्रान्सविरुद्धच्या उपांत्यपूर्व सामन्यात बदली खेळाडू म्हणून उतरले. फ्रान्सने तो सामना ५-२ असा जिंकला. एइदुर यांचा तो अखेरचा आंतरराष्ट्रीय सामना होता.

त्यांच्या २६ गोलांच्या विक्रमाशी २०१९ मध्ये कोल्बेइन सिग्थोरसन यांनी बरोबरी केली. ऑक्टोबर २०२३ मध्ये गिल्फी सिगुर्दसन यांनी तो मोडला.

खेळाची शैली

एइदुर हे केवळ गोल करणारे आघाडीपटू नव्हते. गोलकडे पाठ करून चेंडू स्वीकारणे, बचावपटूला अंगावर घेऊन तो सुरक्षित ठेवणे आणि सहकाऱ्याला योग्य वेळी पास देणे यांत त्यांचे कौशल्य होते. पहिल्या स्पर्शातच चेंडू काबूत आणण्याची त्यांची हातोटी विशेष मानली जाई. ते फार वेगवान नव्हते. ही उणीव ते जागेच्या अचूक जाणिवेने भरून काढत. या गुणांमुळे कोणत्याही जोडीदाराबरोबर आणि अनेक जागांवर ते खेळू शकले. मात्र याच लवचीकपणामुळे मोठ्या संघांत आघाडीची मुख्य जागा अनेकदा दुसऱ्याला मिळाली आणि त्यांना पूरक भूमिका स्वीकारावी लागली.

प्रशिक्षक म्हणून कारकीर्द

जानेवारी २०१९ मध्ये एइदुर यांची आइसलँडच्या २१ वर्षांखालील संघाचे सहप्रशिक्षक म्हणून नियुक्ती झाली. आर्नार विदारसन मुख्य प्रशिक्षक होते. या संघाने २०२१ च्या युरोपीय स्पर्धेच्या अंतिम टप्प्यासाठी पात्रता मिळवली. देशाच्या या वयोगटातील संघाला हे यश केवळ दुसऱ्यांदा लाभले होते.

जुलै २०२० मध्ये हाफ्नारफ्योर्दुर येथील एफएच क्लबाचे प्रशिक्षकपद त्यांच्याकडे आणि लोगी ओलाफसन यांच्याकडे संयुक्तपणे सोपवण्यात आले. तालिनच्या सामन्यात वडिलांच्या जागी त्यांना मैदानात उतरवणारे प्रशिक्षक ते हेच. कोरोनाच्या साथीमुळे तो हंगाम मध्येच थांबवावा लागला, तेव्हा एफएच दुसऱ्या क्रमांकावर होता.

डिसेंबर २०२० मध्ये विदारसन वरिष्ठ राष्ट्रीय संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले व एइदुर त्यांचे साहाय्यक. हा काळ संक्रमणाचा होता. २०१६ च्या युरोत व २०१८ च्या विश्वचषकात खेळलेल्या पिढीतील बरेच खेळाडू संघाबाहेर गेले होते आणि त्यांच्या जागी नवोदितांना घ्यावे लागत होते. २०२२ च्या विश्वचषकाच्या पात्रता फेरीत जर्मनी, उत्तर मॅसिडोनिया, रुमानिया, आर्मेनिया व लिश्टेनस्टाइन यांच्या गटात आइसलँड पाचव्या स्थानावर राहिला. नोव्हेंबर २०२१ मध्ये, करारातील फेरविचाराच्या तरतुदीचा आधार घेऊन, राष्ट्रीय संघटना व एइदुर यांच्यातील करार संपुष्टात आणण्यात आला.

जून २०२२ मध्ये ते पुन्हा एफएचकडे आले. या वेळी मुख्य प्रशिक्षक म्हणून. सिगुरविन ओलाफसन त्यांचे साहाय्यक होते. लीगमध्ये संघ तळाच्या भागात झुंजत होता. आइसलँडिक चषक स्पर्धेत मात्र त्याने अंतिम फेरी गाठली. १ ऑक्टोबर २०२२ रोजी झालेल्या अंतिम सामन्यात विकिंगुर रेक्याविकने जादा वेळेत एफएचला ३-२ असे हरवले. त्यानंतर काही दिवसांतच वैयक्तिक कारणांमुळे एइदुर पदावरून बाजूला झाले. एफएचने त्या हंगामात खालच्या श्रेणीत जाणे टाळले.

प्रशिक्षकपदाखेरीज आइसलँडच्या दूरचित्रवाणीवर फुटबॉलचे विश्लेषक म्हणूनही त्यांनी काम केले आहे.

पुढची पिढी

एइदुर यांचे तिन्ही मुलगे, स्वेइन आरोन, आंद्री लुकास व दानिएल त्रिस्तान, फुटबॉलपटू आहेत. थोरल्या दोघांनी वरिष्ठ राष्ट्रीय संघाकडून खेळण्यास २०२१ मध्ये सुरुवात केली. त्या वेळी एइदुर त्याच संघाचे सहप्रशिक्षक होते. सप्टेंबर २०२१ मध्ये उत्तर मॅसिडोनियाविरुद्धच्या २-२ अशा बरोबरीत आंद्री लुकासने आपला पहिला आंतरराष्ट्रीय गोल केला.

११ ऑक्टोबर २०२१ रोजी रेक्याविकच्या लाउगारदाल्सवोट्लुर मैदानावर आइसलँडने लिश्टेनस्टाइनचा ४-० असा पराभव केला. चौथा गोल आंद्री लुकासने केला. त्यासाठी चेंडू डोक्याने पुढे ढकलून दिला होता स्वेइन आरोनने. १९९६ मध्ये रेक्याविकच्या प्रेक्षकांना या घराण्यातील दोघांना राष्ट्रीय संघात एकत्र खेळताना पाहायचे होते. ते पंचवीस वर्षांनी, पुढच्या पिढीत घडले, आणि ते घडताना एइदुर मैदानाच्या कडेला प्रशिक्षकांमध्ये होते.

प्रमुख विजेतेपदे व सन्मान

चेल्सी
प्रीमियर लीग: २००४-०५, २००५-०६
लीग चषक: २००४-०५
चॅरिटी शील्ड / कम्युनिटी शील्ड: २०००, २००५

बार्सिलोना
स्पॅनिश लीग: २००८-०९
कोपा देल रे: २००८-०९
स्पॅनिश सुपर चषक: २००६
चॅम्पियन्स लीग: २००८-०९

वैयक्तिक
आइसलँडचे वर्षातील सर्वोत्कृष्ट क्रीडापटू: २००४, २००५